पगार २१ हजार, घरात चार माणसं आणि २० तारखेलाच पैसे संपतात, खर्च कुठे कमी करू?

तुम्ही लिहिलंय की घरात चार जण, हातात २१ हजार, त्यातले ६ हजार भाड्यात जातात, आणि २० तारीख आली की उसनवारी सुरू, तर किराणा आणि भाजीत काय काय कमी करता येईल. मी नाशिकला सिडकोत राहते, आमची पण चारच माणसं, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. २०२३ मध्ये नवऱ्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला आणि २७ हजारावरून आम्ही एकदम १९ हजारावर आलो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून जरा मोठंच उत्तर लिहितेय.

पहिलं सांगते, किराण्यापासून सुरुवात करू नका. मी तेच केलं होतं. अंडी बंद केली, वरण पातळ केलं, मटकी-चवळी महाग वाटायची म्हणून आठवड्यातले चार दिवस बटाटाच, पालेभाजी निवडायला वेळ लागतो आणि शिजून एवढीशी होते म्हणून ती पण कमी. महिन्याला हजार-बाराशे वाचले असतील. पाच महिन्यांनी मुलीला शाळेत चक्कर आली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, परत तपासणी, जे वाचवलं होतं ते सगळं त्यातच गेलं, आणि लेकरू दोन महिने मलूल होतं ते वेगळंच. त्या दिवसापासून मी ठरवलं की कात्री लावायची ती ताटाला सोडून बाकी सगळीकडे आधी लावायची.

मग बाकी म्हणजे कुठे, तर ते आपल्याला माहितच नसतं हो. आम्ही एक साधी दोनशे पानी वही घेतली आणि महिनाभर रोज रात्री दोघांनी दिवसभराचा खर्च लिहायचा असं ठरवलं, पाच रुपयाचं शाम्पूचं पाकीट पण लिहायचं. नियम एकच, पहिला महिना कोणी कोणाला टोकायचं नाही, "हे कशाला घेतलं" असं विचारायचंच नाही, कारण एकदा टोकलं की समोरचा लपवायला लागतो आणि वही खोटी होते. महिन्याच्या शेवटी बेरीज केली तर नवऱ्याचा टपरीवरचा चहा, वडापाव आणि मित्रांसोबतचं धरून १९०० च्या आसपास, आणि माझं पण, येताजाता काहीतरी घे, मोबाईलवरून काहीतरी मागव, ते धरून १२०० च्या वर. दोघंही गप्प बसलो. मला काही म्हणावंच लागलं नाही, दुसऱ्या दिवशीपासून ते डब्यासोबत थर्मासमध्ये चहा न्यायला लागले. स्कॅन करून पैसे जातात ना ते हाताला कळतच नाहीत, म्हणून आता मी पगाराच्या दिवशी भाजी, दूध आणि वरखर्चाचे पैसे रोख काढून तीन पाकिटांत ठेवते, पाकीट हलकं झालेलं दिसलं की हात आपोआप आखडतो.

पण खरा मोठा खड्डा चहा-वड्यात नव्हता, व्याजात होता. आमचं क्रेडिट कार्डाचं २८ हजार थकलेलं होतं आणि आम्ही दर महिन्याला "किमान रक्कम" म्हणजे १४०० भरायचो, वाटायचं फिटतंय हळूहळू. एकदा स्टेटमेंट नीट वाचलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे ९८०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून १७६, म्हणजे १४०० मधले मुद्दलात गेले फक्त २४४ रुपये! आणि थकबाकी असताना त्या कार्डावर नवीन काही घेतलं की त्याला पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे विसरा. आम्ही काय केलं, कार्ड वापरणं पूर्ण बंद, माझ्या बचत गटातून १५ हजार घेतले दोन टक्क्यांनी, आणि माझी एक अंगठी बँकेत सोनेतारण ठेवून १३ हजार घेतले, त्याचं व्याज महिन्याला एक टक्क्यापेक्षा कमीच पडलं. म्हणजे जिथे ११५६ जात होते तिथे सव्वाचारशेच्या आत आलं, आणि गटाला दिलेलं व्याज गटाच्याच खात्यात राहतं, वर्षाच्या शेवटी वाटून आपल्याकडेच काही येतं. अंगठी सोडवायला १४ महिने लागले. सासूबाईंना वाईट वाटलं होतं, घरातलं सोनं ठेवायचं म्हणजे आपल्याकडे मोडल्यासारखंच वाटतं, पण सोनं कपाटात आणि व्याज बाहेर असं चालू ठेवण्यात काय अर्थ होता? तुमचे हप्ते किती आहेत ते तुम्ही लिहिलंच नाही, माझा अंदाज आहे की गळती तिथेच असेल.

औषधांचं पण बघा. सासूबाईंना बीपी आणि शुगर दोन्ही, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन चालू, महिन्याला साडेआठशेच्या पुढे जायचे. जन औषधी केंद्रात त्याच घटकाच्या त्याच ताकदीच्या गोळ्या अडीचशेच्या आत मिळतात. डॉक्टरांना सांगायचं की गोळीच्या ब्रँडचं नाव नको, औषधाचं नाव लिहून द्या, आणि पहिल्यांदा आणल्यावर त्यांना दाखवून घ्यायच्या. पण पैसे वाचवायला गोळी एक दिवसाआड घेणं हे मात्र कधीच करू देऊ नका, आमच्या शेजारच्या काकांनी ते केलं आणि अर्धांगवायू झाला.

वीज. आपल्याकडे महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो, पहिली १०० युनिट स्वस्त आणि १०१ ते ३०० ची दुपटीपेक्षा महाग. खूप जणांना वाटतं १०० ओलांडलं की सगळं बिलच महागड्या दराने येतं, तसं नाही, फक्त वरच्या युनिटांना तो दर लागतो, पण म्हणूनच जी युनिट तुम्ही वाचवता ती सगळ्यात महागातलीच असतात. आमचं १४० च्या आसपास यायचं. चोर निघाला पाणी तापवायचा रॉड, १५०० वॅटचा, रोज तासभर म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट! आता सगळ्यांनी लागोपाठ आंघोळी उरकायच्या, रॉड २० मिनिटांत बंद, आणि मार्च ते जून तर लावतच नाही. तेवढ्यानेच आम्ही १०० च्या आसपास आलो. बीएलडीसी पंखे चांगलेच, साधा पंखा ७५ वॅट खातो आणि तो ३० ते ३५, पण अडीच-तीन हजार एकदम घालून पैसे वाचवायचे हे तुमच्या आत्ताच्या परिस्थितीत करू नका, जुना पंखा बंद पडेल तेव्हा बघा.

गॅस आमचा ३२-३३ दिवसांत संपायचा, आता ४२-४३ जातो. काही विशेष नाही, डाळ-तांदूळ आधी अर्धा तास आणि कडधान्य रात्रीच भिजवायचं, कुकरला एकाच वेळी वरण, भात आणि बटाटे असे तीन डबे लावायचे, शिटी झाली की गॅस बारीक करायचा, आणि ज्योत पिवळी दिसायला लागली की बर्नर साफ करायचे. सिलिंडर घेताना वजन करून घ्या, १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, दोन्हीची बेरीज जुळली पाहिजे.

आता किराणा, कारण ताट कमी करायचं नाही म्हणजे पैसे वाया घालवायचे असंही नाही. तेल आधी महिन्याला पाच पिशव्या लागायचं, मी बरणीतून थेट कढईत ओतायचे. आता चमच्याने मोजून घालते, तीन पिशव्या पुरतात आणि चवीत कोणाला फरक कळला नाही. पिशवी घेताना मात्र किती ग्रॅमची आहे ते बघा, लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण दिसायला तेवढीच पिशवी ८४० ची पण असते, ८०० ची पण, आणि दुकानदार सगळ्यालाच "लिटरची" म्हणतो. पाकिटावर बारीक अक्षरात एका ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत छापलेली असते, मी तीच बघते. दुकानात मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं पण नाही, चहा पावडरीत मी दोनदा उलटं पाहिलंय.

कडधान्य महाग नाही हे मला उशिरा कळलं. पाव किलो मटकी भिजवून मोड आणली की भांडंभर होते, चौघांची दोन वेळची उसळ निघते. अंडी परत सुरू केली, आठवड्याला दीड डझन. भाजी बुधवारच्या बाजारात गोदाकाठी, सात-साडेसातनंतर, बाजार उठायच्या वेळी जाते, मेथीची जुडी दुपारच्या निम्म्या भावात मिळते, पण पालेभाजी दोन दिवसांपुरतीच घ्यायची, स्वस्त म्हणून पाच जुड्या आणल्या तर तीन सडतात. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरचे कोवळे देठ भाजीत, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, हे माझी आई गावाकडे करायचीच, मीच शहरात येऊन विसरले होते.

बाकीचं पटपट सांगते. मोबाईलचे २८ दिवसांचे प्लॅन म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज, आणि सासूबाईंना फक्त फोन उचलायचा असतो तर त्यांना रोजच्या दीड जीबीचा प्लॅन कशाला. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना पूर्ण मोफत, माहेरी जायचं तर आता मी खासगी गाडी बघतच नाही. शहरात प्राधान्य गटाच्या रेशनसाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार आहे, त्यामुळे २१ हजार पगारात फुकट धान्य तुम्हाला बसणार नाही, पण म्हणून रेशन कार्ड पडू देऊ नका, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतच्या उपचाराला तेच कार्ड लागतं, त्यात सगळ्यांची नावं आहेत का आणि केवायसी झालंय का ते या आठवड्यातच बघा. बँकेत वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ चा जीवन विमा मिळतो, दोन्ही दोन-दोन लाखांचे, कमावणाऱ्या माणसाच्या नावाने ते दोन्ही काढून ठेवाच. पैसे नाहीत म्हणून हे टाळायचं नाही, पैसे नाहीत म्हणूनच हे पाहिजे.

आणि एक राहिलंच, हप्त्याची तारीख. आमचा पगार ७ ला व्हायचा आणि मोबाईलचा हप्ता ५ ला कापला जायचा, खात्यात पैसे नसले की बँक वेगळा दंड लावणार, हप्तावाले वेगळा, तीन महिने आम्ही असे दंड भरले आणि आम्हाला वाटायचं महागाई वाढलीये. शेवटी नवऱ्याने अर्ज देऊन तारीख १० करून घेतली, एकदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा पगाराची स्लिप लावून दिली तेव्हा झालं. तुमचे पैसे २० ला संपतात म्हणजे पुढच्या महिन्याच्या सुरुवातीचे हप्ते असेच अडकत असणार, पासबुकात मागच्या सहा महिन्यांत "रिटर्न चार्ज" असं किती वेळा आलंय ते आज रात्रीच मोजा.