जुनं पायमशीन देण्याआधी

प्रश्न : आईचं पायाने चालणारं शिलाई मशीन आठ-दहा वर्षं बंद पडून आहे, चाक अडतंय. मेळघाटातल्या एका बचत गटाला द्यायचं आहे. मोटर बसवून देऊ का?

उत्तर : मोटर नको. वीज गेली तरी पायमशीन चालतं, हीच तर त्याची किंमत!

चाक अडतंय म्हणजे बहुधा जुनं तेल चिकट झालंय. खोबरेल घातलं असेल तर नक्कीच. जोर लावू नका. तेलाच्या भोकांत रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हळूहळू हलवा. मोकळं झालं की रॉकेल पुसून फक्त मशीनचं तेल घाला. सुईखालची पट्टी काढून दात्यांमधला धाग्याचा भुसा ब्रशने साफ करा. मग डाग पडायचे थांबेपर्यंत चिंधीवर शिवा. खाली धाग्याचे फास दिसले तर दोष बहुतेक वरच्या धाग्याचा असतो : कापड दाबून धरणारा दाब (फूट) खाली असताना ओवला, की तो धाग्याला ताण देणाऱ्या चकत्यांत नीट बसत नाही.

चामडी पट्टा नवाच घ्या, जुना लवकर तुटतो. सोबत १४ आणि १६ नंबरच्या दहा-दहा सुया, सहा बॉबिन, एक जादा बॉबिन केस, तेलाची बाटली. पाठवताना डोकं स्टँडवरून सोडवून वेगळं बांधा, सुई काढून ठेवा.

त्याआधी गटाला एक विचारा : जवळपास दुरुस्ती कोण करतं? कुणीच नसेल, तर गटातल्या एकीच्या दुरुस्ती-प्रशिक्षणाचा खर्चही उचला.