जिन्याखालची स्कूटर आणि नोटरीचा कागद

प्रश्न : पुण्यात आमचं दुमजली घर आहे. वरच्या खोल्या भाड्याने दिल्यात. भाडेकरूने दुसरी, इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ती जिन्याखाली लावून रात्रभर चार्ज करतो. ‘पार्किंग भाड्यातच ठरलं होतं’ म्हणतो. नोटरी केलेल्या करारात पार्किंगचा उल्लेख नाही. राहायला येण्याआधी मी व्हॉट्सॲपवर ‘एकच गाडी, जिना मोकळा ठेवा’ कळवलं होतं, त्यावर ‘ओके काका’ असं उत्तर आलं होतं. करार दोन महिन्यांत संपतो. त्याची वीज तोडू का?

उत्तर : वीज तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मालकाला वीज-पाणी तोडायला मनाई करतं. ते त्याला लागू होतं का, यावर वाद घालता येईल, पण तो वाद तुम्ही आरोपी म्हणून घालाल.

तुमची खरी अडचण नोटरीचा कागद आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. तेवढ्यासाठी घर टांगणीला लावलंत!

मात्र त्याच कलमात ‘अन्यथा सिद्ध न झाल्यास’ असे शब्द आहेत. तुमचा आधार तेवढाच, आणि तो त्या ‘ओके काका’मध्ये आहे. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात तो चॅट दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. कोर्ट त्याला किती वजन देईल, हे आज सांगता येणार नाही.

चार्जिंगचा प्रश्न मात्र एक दिवसही लांबवू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एक्स्टेंशन बोर्ड पहिल्या पायरीवर आहे, वायर दाराच्या फटीत चेपली आहे. रात्री पेट घेतला तर त्याच्या मुलांना उतरायला दुसरी वाट नाही. हेच त्याला समोर बसवून सांगा, मग लेखी द्या. अंगणात परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग आणि एमसीबीसह (जास्त भार आल्यास आपोआप बंद होणारा स्विच) पॉइंट काढून द्या.

त्याच बैठकीत नवा करार ठरवा : गाड्या किती, कुठे, चार्जिंगचं बिल कोणाचं. नोंदवलेला करार पत्त्याच्या पुराव्यासाठी त्यालाही उपयोगी पडतो, त्यामुळे बहुधा तो तयार होईल. नाही झाला, तर आणि तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरत्या वापर-परवानगीचा) असेल, तर मुदत संपताच त्याच कायद्याच्या कलम २४ खाली घराचा ताबा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे अर्ज ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करावा लागेल. तेव्हा मूळ करार आणि फोन घेऊन या.