उन्हाळ्यात फ्रीजच्या बाजू तापतात, बर्फ जमत नाही. मेकॅनिक गॅस भरायला सांगतो, भरावा का?

आधी फ्रीज पुढे ओढा. मागे हात जात नसेल तर मेकॅनिकला सध्या राहू द्या.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी २०१२ च्या दिवाळीआधी स्वयंपाकघराचं फर्निचर केलं. भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, हौसेनं फ्रीजसाठी सनमायकाची चौकट करून घेतली. दोन्ही बाजूंना फळ्या, वर डब्यांचं कपाट, मागे भिंत. कागद सरकणार नाही इतकं घट्ट. भासऱ्यांशी मी थेट बोलत नसे, म्हणून हवेचं म्हणणं जाऊबाईंमार्फत पोचवलं. उत्तरही त्यांच्यामार्फतच आलं: "फ्रीज स्वतःच थंड असते, त्याले काहून हवा लागते?"

अहो, फ्रीज थंडी बनवत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. जुन्यांत ती मागच्या काळ्या जाळीतून जाते, बऱ्याच नव्यांत बाजूच्या पत्र्यांतून. म्हणजे तुमच्या बाजू तापतात हे ठीकच आहे. त्या उष्णतेला पुढे वाट आहे का, एवढंच बघायचं.

मग आला मे. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ होतं. दुसऱ्या दिवशी नणंदेकडची माणसं जेवायला, म्हणून मी पातेलंभर रस काढून ठेवला. सकाळी झाकण उचललं तर वर बुडबुडे आणि आंबूस वास. बर्फाच्या ट्रेत वर पापुद्रा, खाली पाणी. मेकॅनिक आला, बाजूला हात लावला, म्हणाला गॅस संपला. पैसे घेऊन भरून गेला. चार दिवसांत पुन्हा तेच.

हा काय सिलिंडरचा गॅस आहे संपायला? तो बंद नळीत फिरत असतो. कमी झाला तर कुठंतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरला की पुन्हा जाणारच.

भासरे बाहेरगावी गेले तेव्हा मी आणि देरानं मिळून फ्रीज बाहेर ओढला. आतल्या फळीला हात लावला तर तव्यासारखा चटका. जाळीवर धुळीचा नमदा बसलेला. प्लग काढून ब्रशनं झाडली, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी ट्रेतून खडे खणखणत पडले. भासरे आल्यावर म्हणाले, गॅसनं उशिरा काम केलं.

फ्रीजच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग असतो तो वाचा. 'टी' म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, 'एन' म्हणजे फक्त ३२. आपल्याकडे 'टी' लाही मेमध्ये घाम फुटतो, आणि चौकटीत तर बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं.

बाकी, दाराच्या रबरात दहाची नोट धरा, सहज निसटली तर रबर गेलं. दुपारी टाकीचं चटका देणारं पाणी बाटल्यांत भरून आत कोंबू नका, माठ कशाला आहे? लाईन गेली की दार उघडू नका. बर्फ सुरीनं खरवडू नका, नळीला भोक पडतं, आणि बहुतेक नव्या फ्रीजांतला आयसोब्युटेन गॅस पेट घेतो.

हे सगळं करून, मोकळी जागा देऊनही कॉम्प्रेसर अखंड चालतोय आणि थंड होत नसेल, तर गळती असू शकते हेही खरं. तेव्हा भरण्याआधी 'गळती दाखवा' म्हणा.

भासरे आता पुण्याला मुलाकडे असतात. तिथला फ्रीजही चौकटीतच आहे, आणि बघा चालतो की नाही म्हणून जाऊबाईंच्या फोनवरून मला त्याचे फोटो येतात. एकदा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तो इथं आणून चालवून दाखवा म्हणावं.