चौथ्या सीटवरची मी

प्रश्न : ताई, सांगलीहून डोंबिवलीला येऊन तीन महिने झाले, ऑफिस दादरला. लोकलमध्ये तिघींच्या बाकड्यावर चौथी म्हणून अर्धीच टेकते, कंबर गेलीय. वर लोक म्हणतात मुंबईत मजा असते, ती नेमकी कुठे असते?
— एक वाचक

उत्तर : अगं, चौथी सीट मिळते म्हणजे तू नशीबवान आहेस! आधी कामाचं. गर्दीची फास्ट सोड, डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकड, वेळ जास्त जातो पण बसून जाशील. आणि चढल्या चढल्या "कुठे उतरणार?" विचारायला लाजू नकोस, ठाणेवाली सापडली की तिची सीट तुझी, हा इथला न लिहिलेला कायदा आहे आणि तो मोडला तर भांडण ठरलेलं. संध्याकाळी दादरला जुने नंबर सांगणारे भेटतील, ऐकू नकोस, डिसेंबर 2023 पासून सेंट्रलचे प्लॅटफॉर्म 8 ते 14 झालेत (मी स्वतः दोनदा चुकलेय).

मजा म्हणशील तर रोज तोच डबा, तीच वेळ धर. महिन्याभरात कुणीतरी मटार सोलायला तुझ्या मांडीवर ठेवेल. दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधायला वर्गणी मागतील, दे.