विलायतेत चर्च पाहायचं, प्रार्थनेलाही जायचं

लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबी हे चर्च फिरून बघायला तिकीट लागतं, उपासनेला लागत नाही. म्हणून ईव्हनसाँगला, म्हणजे सायंकाळच्या गायन-उपासनेला जा. पाऊण तासात गायकवृंद फुकट ऐकायला मिळतो. अर्धा तास आधी रांगेत लाग. बुधवारी बहुधा गायन नसतं, वेळापत्रक बघून घे. उपासनेत फोटो काढायचे नाहीत आणि नंतर कबरी बघत रेंगाळताही येत नाही. त्यासाठी तिकीटच काढ, तेही रविवार सोडून.

जालना-संभाजीनगरकडं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेत असशील, तर ॲबीतल्या प्रभुभोजनाच्या उपासनेतही खुशाल घे. १९७० साली झालेली सीएनआय अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्याच परिवारातली. बाप्तिस्मा झाला नसेल तर हात छातीवर आडवे धर, पाळक आशीर्वाद देतात.

रेल्वेसाठी १६-२५ रेलकार्ड हे तरुणांचं सवलत-कार्ड घे, तिकिटात एक तृतीयांश सूट. पंचविशी ओलांडलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यालाही मिळतं. फक्त कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या आत किमान भाड्याची अट असते, जवळच्या प्रवासात सूट तिथंच जिरते.