केळ्यापासून सुरुवात कर

ज्यू प्रार्थना म्हणताना देव जाणवत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. आधी केळं सोल. खाण्यापूर्वीची ब्राखा (देवाची स्तुती करणारं छोटं वचन) 'बोरे पेरी हाआदामा', म्हणजे जमिनीच्या फळाची. केळीचं खोड घड देऊन मरतं, म्हणून ती झाडांत मोडत नाही. नारळाला मात्र 'हाएत्स', झाडाच्या फळाची. आपल्या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यूंच्या) मलिद्याच्या ताटासमोर हे आपोआप शिकशील: पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि तोंडात घालण्याआधी थांबणं.

ताल्मुदात, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, रब्बी मेईर दिवसाला 100 ब्राखा सांगतात. मोजत बसू नकोस. मी बसले होते, दुपारीच गणती चुकली.

डोळे उघडताच 'मोदा आनी' ('मी आभार मानते') म्हण. त्यात देवाचं नाव येत नाही, म्हणून हात धुण्याआधी, अंथरुणातच चालतं. आणि हसू नकोस, शौचाहून आल्यावरही ब्राखा आहे, 'आशेर यात्सार': शरीरातलं एखादं छिद्र बुजलं तर माणूस तगणार नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. मला मूतखडा झाला तेव्हा तिचा अर्थ लागला!

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो; त्याचे दिवे लावण्याआधी फोन बंद करून कपाटात ठेव. पहिले दोन शब्बाथ नुसती चुळबुळ होईल.