बॉक बिअर आणि आपला बोकड

प्रश्न असा आलाय की जर्मन डॉपलबॉक बिअरच्या बाटल्यांवर बोकड का असतो आणि बॉक नि बोकड मुळात एकच शब्द का.

एकच नाहीत, योगायोग आहे. जर्मनमध्ये बॉक म्हणजे बोकडच, इंग्रजी बक त्याचा भाऊ, पण जर्मन, इंग्रजी नि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, आणि तिकडे सुरुवातीला ब असेल तर संस्कृतात भ सापडायला हवा, ब्रदर-भ्रातृ बघा ना. आपला बोकड प्राकृत बोक्कडचा, तो यात बसत नाही. आणि गंमत म्हणजे या बिअरचाही बोकडाशी काही संबंध नाही! उत्तर जर्मनीत आइनबेक नावाचं गाव आहे, तिथली कडक बिअर बव्हेरिया प्रांतातल्या म्युनिकला जायची, बव्हेरियन लोकांनी आइनबेकचं आइनपॉक केलं आणि मग ऐकणाऱ्याला ते 'आइन बॉक' म्हणजे 'एक बोकड' वाटायला लागलं. झालं, चित्र आलं बाटलीवर.

डॉपल म्हणजे दुप्पट, आणि ही दुप्पट कडक बिअर मठातली. पाओला गावच्या संत फ्रान्सिसच्या पंथाचे साधू, म्हणून पाउलानर, 17 व्या शतकात म्युनिकला मठ करून राहिले. त्यांचं व्रत भयंकर, मांस अंडी दूध वर्षभर बंद, पण पातळ पदार्थाने उपास मोडत नाही असं मानायचे, मग बिअरच दाट करून प्यायची. (एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय.) 1634 मध्ये शहरातल्या बिअरवाल्यांनी तक्रार केली की हे साधू बिअर विकतात आणि आमचा धंदा बसतो. 1799 मध्ये मठ बंद झाला, बिअर राहिली.

तिचं नाव साल्वाटोर, लॅटिनमध्ये तारणहार. ते इतकं चाललं की आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं बाकीचेही आपल्या कडक बिअरला साल्वाटोरच म्हणायला लागले, मग पाउलानरवाल्यांनी नाव रजिस्टर करून घेतलं आणि इतरांना नुसती '-टोर' ही शेपटी उरली, म्हणून सेलेब्राटोर, ऑप्टिमाटोर, मॅक्सिमाटोर वगैरे.

आता आपलं खरं नातं कुठंय सांगू का, तर त्या शेपटीत. लॅटिन -तोर म्हणजे करणारा आणि संस्कृतातला -तृ त्याचा सख्खा भाऊ, दातृचा दाता होतो, नेतृचा नेता होतो, तोच हा. त्यांचा दातोर तो आपला दाता.